फाटकाबाहेरचा माणूस

गणपत, मंगळवारी सकाळी साडेदहाला तू माझ्या खिडकीशी उभा राहून माझ्याशी भांडत होतास, आणि अकराला तू नव्हतास. हे वाक्य मी गेले तेरा दिवस मनात म्हणून बघतो आहे. रोज ते तितकंच खोटं वाटतं. कालच गोदामाच्या माल उतरवायच्या धक्क्यावर उभा असताना फाटकाबाहेर ट्रकचा आवाज आला आणि मी भिकूला म्हणालो, "गणपत आला वाटतं, आता डोकं खाईल." भिकू हमालानं हातातली पेटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला. मग मला आठवलं.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं. तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत; मला त्यांच्यात बसायचा अधिकार नाही. तुझी-माझी ओळख भांडणाची. दोन वर्षांत आपण न भांडता भेटलो असे दिवस बोटांवर मोजावे लागतील. म्हणून जे बोलायचं ते तुझ्याशीच बोलतो.

पहिल्या दिवशी तू ट्रेलर रस्त्यावर आडवा उभा करून हॉर्नवर हात ठेवलास तो काढलाच नाहीस. मी नवा होतो. कारखान्याच्या भिंती अजून ओल्या होत्या. मुंबईच्या बंदरातून यंत्रांच्या पेट्या घाट चढून येत होत्या आणि त्या मोजून, तपासून आत घ्यायला मला कोकणातून येऊन जेमतेम महिना झाला होता. मी खिडकीतून ओरडलो, "कागद घेऊन आत या!" तू उतरलास, कागद माझ्यासमोर ठेवलास आणि म्हणालास, "साहेब, कागद आत येतोय, ट्रेलर न्हाई येत. फाटक कुनी बांधलं हो हे? बैलगाडीवाल्यानं?"

मी म्हणालो, "फाटक माझं नाही, गोदाम माझं."

"मग गोदाम तरी बाहेर आना."

हमाल हसले. मला राग आला. पेट्या तपासून होईपर्यंत मी तुला दीड तास उन्हात उभा ठेवला. दुसऱ्या खेपेला तू बरोबर आमच्या जेवणाच्या सुट्टीत येऊन उभा राहिलास. अशी सुरुवात.

ड्रायव्हर लोकांचं म्हणणं मला तेव्हाही कळत होतं, पण कबूल करायचं नव्हतं. रात्रभर घाट चढून आलेल्या माणसाला आम्ही फाटकाबाहेर ताटकळत ठेवायचो. सावली नाही, पाणी नाही. वर आमचा हुकूम, पेटी उघडून बघितल्याशिवाय सही मिळणार नाही. तू म्हणायचास, "मी पेटी आनली. आत वाघ हाय का बकरी, मला काय ठावं? पेट्या मोज आनि सोड मला." आणि आमचंही खोटं नव्हतं. तुम्ही वर्दी न देता तीन-तीन गाड्या एकदम आणायचात, दोर सोडायला हात लावायचा नाहीत, माल हवा तिथे टाकून निघायची घाई करायचात. काही फुटलं तर साहेब मला विचारणार. दोघंही आपापल्या जागी खरे होतो. त्यामुळेच भांडण मिटत नव्हतं.

पण खरी गाठ होती ती रस्त्याची. मुंबई-पुण्याचा हमरस्ता, फाटक त्याच्या अगदी अंगावर. ट्रक सरळ आत येई. ट्रेलर मात्र आधी पुढे नेऊन, सगळा रस्ता अडवून, मागे मागे घेत आत घालावा लागे. तेवढा वेळ दोन्हीकडची वाहनं कुणीतरी थोपवायला हवी. तुम्ही म्हणायचात, गोदामानं माणूस द्यावा. मी म्हणायचो, फाटकाच्या आत आमचं काम, बाहेर तुमचं. तुझं उत्तर ठरलेलं, "क्लीनरनं मागचं चाक बघायचं का दोन बाजूंचा रस्ता अडवायचा? त्याला काय तीन डोकी हायत?"

पहिले काही महिने मी माणूस देत होतो, हे तू कधी विसरला नाहीस आणि मला विसरू दिलं नाहीस. भिकूलाच धाडायचो. एकदा एक लष्करी लॉरी त्याच्या पायाला घासून गेली. चप्पल चाकाखाली गेली, पाय वाचला. भिकू एकाच पायात चप्पल घेऊन आत आला आणि धक्क्यावर बसला. त्याच दिवशी मी साहेबांकडे गेलो आणि लेखी हुकूम काढून घेतला. गोदामाचा कोणीही माणूस फाटकाबाहेर जाणार नाही. तो कागद मी खिडकीजवळ चिकटवला. मला वाटलं, मी माझ्या माणसांसाठी लढलो. आजही वाटतं. पण तू तो कागद वाचून दाखवायला लावलास, सगळा ऐकलास आणि विचारलंस, "हे कशापायी?"

"भिकू मेला असता तर त्याच्या बायकोला तोंड कसं दाखवलं असतं मी?"

"आनि आमच्यातला मेला तर?"

मी म्हणालो, "ते तुमच्या मालकाला विचारा."

गणपत, हे मी म्हणालो होतो. चांगला शहाणासुरता माणूस, घरी देवपूजा करणारा, आणि हे म्हणालो होतो. तू रागावला नाहीस. नुसता मान हलवून गेलास, जसं एखाद्या मुक्या बैलाला समजावून थकल्यावर माणूस जातो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी मी धक्क्यावरून घसरलो. घोटा सुजून भोपळ्याएवढा झाला. कारखान्याची गाडी साहेबांना घेऊन पुण्याला गेलेली. रिकामा ट्रक तुझाच होता. तू मला धरून वर चढवलंस, आणि दापोडीला माझ्या खोलीपर्यंत सबंध रस्ता बोलत होतास. मला वाटलं होतं धीर देशील. तू म्हणालास, "देसाई, आता तू फाटकाच्या बाहेर हायस. तुझ्या हुकमात हे बसत न्हाई. उतरवू का?" दुखत असताना मी हसलो. तुझ्या बोलण्यावर मी हसलो ती पहिलीच वेळ. त्या दिवसापासून आपलं 'अहो-जाहो' सुटलं.

खोलीवर माझ्या बायकोनं तुला जेवायला बसवलं. मी पाय वर करून खाटेवर, आणि तू माझ्या पाटावर. सोलकढी बघून तू वाटी नाकाशी नेलीस. "वहिनी, हे गुलाबी पानी प्यायचं हाय का रंगवायचं?" मग तीन वाट्या प्यायलास. हात धुताना तिला विचारलंस, "हा घरीबी सही घेतल्याशिवाय जेवत न्हाई का?" ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मंगळवारी घरी येऊन मी तिला सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा हेच विचारलं, "कोण गणपत? आपला, कढीवाला?" मग ती जमिनीवर बसली.

मागच्या बाजूनं दुसरं फाटक काढायची कल्पना तुझी. गोदामाच्या मागच्या भिंतीपासून एक जुनी गाडीवाट होती. ती रान ओलांडून गावच्या रस्त्याला लागते. तिकडून ट्रेलर सरळ आत येईल, हमरस्ता अडवायची गरज नाही, वळायला जागा, थांबायला आंब्याची सावली. तू काडीनं मातीत काढून दाखवलंस. मी इंजिनिअरसाहेबांना अर्ज लिहिला. हो, लिहिला, तू म्हणत होतास लिहिलाच नाही म्हणून, पण मी लिहिला होता. त्यांचं उत्तर आलं की फाटक काढू, पण मधल्या रानाचा मालक वाट देतो का बघा. रान तुझ्या थोरल्या भावाचं, सोपानदादाचं. कारखान्यात तुमची मोठी जमीन आधीच गेलेली. उरलेला तो एक तुकडा.

मी तुला धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणालो, "दोन वर्षं गोदामाच्या नावानं शंख करतोस. अडलंय तुझ्या घरात. माग की भावाकडे!"

तुझ्यासारखा माणूस गप्प बसला म्हणून मला जिंकल्यासारखं वाटलं. पुन्हा तो विषय तू काढला नाहीस. मी धरून चाललो की तू मागायला गेलाच नाहीस. तुम्हा ड्रायव्हर लोकांना नुसतं बोलायला हवं असतं.

आता मंगळवारचं. हे सांगायला मला वेळ लागतो आहे. मघापासून मी सोलकढीचं आणि मागच्या फाटकाचं बोलतो आहे ते त्यासाठीच.

तुझी गाडी सकाळीच रिकामी झाली होती. अकरा पेट्या, अकराही धड. तुझी पावती माझ्या टेबलावर होती. सही करायला अर्धं मिनिट लागतं. पण सकाळी येतानाच तू भिकूसमोर मला टोमणा मारला होतास, की देसाईची लेखणी बैलापेक्षा हळू चालते. म्हणून मी ती पावती इतर कागदांखाली सारली आणि रजिस्टर उघडून बसलो. मुद्दाम. गणपत, मला ती दिसत होती. तिचा एक कोपरा बाहेर आलेला होता. तू दोनदा खिडकीशी येऊन गेलास. मी म्हणालो, "बघतो."

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. पोलिसांना नाही, साहेबांना नाही, बायकोलाही नाही. मी साडेनऊला सही केली असती तर साडेदहाला तू खंडाळ्याच्या अलीकडे कुठेतरी चहा पीत असतास.

तेवढ्यात युसूफ आला. मुंबईचा, तुझ्याच मालकाकडचा. त्याच्या ट्रेलरवर लोखंडी टाकी, इतकी लांब की तिचं शेपूट मागे लोंबत होतं. त्यानं हॉर्न दिला. पुन्हा दिला. तू खिडकीशी आलास.

"देसाई, येक मानूस दे बाहेर. टाकी लांब हाय. त्याला मागचं दिसत न्हाई."

मी वर न बघता भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं.

"तुझी चौघं बसल्यात की रं धक्क्यावर."

"बसू देत. हुकूम आहे."

"हुकूम तूच काढलास. तूच मोड."

"गणपत, तुझी गाडी रिकामी झाली ना? मग तुला काय करायचंय? त्याचं तो बघेल."

"तो बघंल कसा? त्याला दिसत न्हाई म्हनून तर..." तू थांबलास. "ऱ्हाऊ दे. मीच जातो."

आणि मी म्हणालो, "जा. तुलाच हौस आहे."

तू हसलास. हे मला नक्की आठवतं. खांद्यावरचा पंचा हातात घेतलास आणि गेलास.

मी काही बघितलं नाही. खिडकीतून रस्ता दिसत नाही. मी ब्रेकचा आवाज ऐकला, मग काहीतरी पडल्याचा. मग भिकू ओरडत आला. तो नुसता फाटकाकडे हात करत होता. मी धावलो. आणि फाटकाशी थांबलो. खरंच थांबलो, गणपत. कोणी अडवलं नव्हतं. पाय आपोआप थांबले, दोन वर्षांच्या सवयीनं. एक क्षणच. मग बाहेर गेलो.

एका बैलगाडीला मागे टाकून मुंबईकडून एक मोटार भरधाव आली आणि तिनं तुला ट्रेलरखाली फेकलं, असं लोक म्हणाले. गाडीवान रस्त्याच्या कडेला बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना. युसूफ ट्रेलरखाली वाकून तुला हाका मारत होता, "गनपतभाई, ओ गनपतभाई!" ट्रेलर अर्धा आत, अर्धा बाहेर. तो तसाच सोडून आम्ही तुला बाहेर उभ्या असलेल्या तुझ्याच ट्रकमध्ये घातलं. युसूफनं चालवायला घेतलं, मी मागे बसलो. तुझं डोकं माझ्या मांडीवर. कासारवाडी गेली. मी तुला सांगत होतो, "आलंच, आलंच." पुण्याच्या दवाखान्यापर्यंत जायचं होतं. दापोडीच्या पुलाच्या अलीकडे तुझा हात जड झाला. लोक विचारतात, शेवटचं काही म्हणाला का? नाही. तुझं शेवटचं बोलणं खिडकीशी झालं होतं.

संध्याकाळी फौजदार गोदामात पंचनामा करायला आले. त्यांनी विचारलं, "हा माणूस रस्त्यात का उभा होता?"

"ट्रेलरला वाट करून द्यायला."

"त्याचा होता ट्रेलर?"

"नाही."

"मग हे काम कोणाचं?"

मी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. दोन वर्षं ज्या प्रश्नावर माझं तोंड बंद होत नव्हतं, त्याचं उत्तर मला देता येईना. शेवटी म्हणालो, "कोणाचंच नव्हतं." त्यांनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हणालो, हा हुकूम मागे घ्या. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "देसाई, आत्ता नको. आत्ता मागे घेतला तर लोक म्हणतील, चूक आपली होती." मी म्हणालो, "होती." त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

शुक्रवारी पुढचा ट्रेलर आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही. तेरा दिवसांत कोणीच हॉर्न दिलेला नाही. फाटकाशी येऊन ते इंजिन बंद करतात आणि वाट बघत बसतात, मयताच्या घरी आल्यासारखे. मी लेखणी खाली ठेवली आणि बाहेर गेलो. भिकूला बोलावलं नव्हतं. तो आपण होऊन आला. तो पुण्याच्या अंगाला उभा राहिला, मी मुंबईच्या. तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं की तिथे रस्ता वळतो आणि वळणावर चिंच आहे. त्या चिंचेमागून वाहन दिसलं की ते अंगावर यायला सात-आठ पावलं टाकायचाही वेळ मिळत नाही. दोन वर्षं मी ज्या रस्त्यावरून वाद घातला, तो मी आतूनच बघितला होता. तू रोज ते वळण बघत होतास आणि मला सांगत होतास. मला वाटायचं, तू माणसं मागतो आहेस ती आराम हवा म्हणून.

तुझ्या दहाव्याला पवनेच्या काठी मी लांब, बाभळीखाली उभा होतो. तुझ्या माणसांनी मला ओळखू नये असं वाटत होतं आणि ओळखून दोन थपडा माराव्यात असंही वाटत होतं. पिंडाला कावळा शिवत नव्हता. लोक एकेक करून तुझ्या इच्छा बोलत होते: पोरीच्या लग्नाचं आम्ही बघू, गाईचं बघू. कावळा झाडावरच. मी मनातल्या मनात म्हणालो, गणपत, सही करतो. मग कुणीतरी म्हणालं, "शिवला, शिवला." कशानं शिवला ते मला माहीत नाही. मी नुसतं सांगतो.

सगळे परतताना सोपानदादा माझ्याकडे चालत आले. डोक्याचा गोटा, अंगावर उपरणं. तुझंच नाक.

"तुमी गोदामवाले देसाई न्हवं?"

मी म्हणालो, "हो."

"तो लई बोलायचा तुमच्याबद्दल."

मला वाटलं, आता येणार ते. मी मान खाली घातली.

ते म्हणाले, "चला माझ्यासंगं."

आम्ही गावाबाहेरून चालत रानात आलो. हरभरा गुडघ्याएवढा उभा होता. समोर आमच्या गोदामाची मागची भिंत. मी ती भिंत या बाजूनं कधी बघितली नव्हती. सोपानदादा बांधावर थांबले.

"दिवाळीच्या आधी आला व्हता माझ्याकडं," ते म्हणाले. "दादा म्हनला, ट्रेलरला वाट दे. तीनदा आला. तिसऱ्या टायमाला पाया पडला. धाकट्या भावानं पाया पडावं आनि..." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "म्या म्हटलं, बापाची निम्मी जमीन त्या भिंतीनं खाल्ली, उरल्याली तुझा ट्रेलर खानार. ऊठ, म्हटलं. न्हाई देत. तो उठला आनि गेला. पुन्हा बोलला न्हाई."

मी उभा होतो तो तिथेच बांधावर बसलो. तू गेला होतास. मी सगळ्यांसमोर तुला बोललो, आणि तू तीनदा जाऊन आला होतास, पाया पडून आला होतास, आणि परत येऊन मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर तुझ्या भावाची आमच्या धक्क्यावर निंदा झाली असती. म्हणून माझं बोलणं गिळलंस. मी त्याला माझी जीत समजलो.

सोपानदादाही शेजारी बसले. मला त्यांना पावतीचं सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी त्याला सोडला असता तर..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बहुधा त्यांच्याजवळ स्वतःचंच इतकं होतं की माझं ठेवायला जागा नव्हती. म्हणून ते अजून माझ्याजवळच आहे, आणि आज तुला सांगतो आहे, जिथे ते काही कामाचं नाही.

मग ते उठले. हरभऱ्यात शिरले, पाय उचलून, रोपं मोडू नयेत असे. मध्यावर उभं राहून त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग गावच्या रस्त्याकडे.

"देसाई," त्यांनी तिथूनच विचारलं, "ट्रेलर वळायला किती जागा लागती वो?"

मी उठून उभा राहिलो. सांगायला तोंड उघडलं. दोन वर्षं मी ट्रेलर आत घेतो आहे, प्रत्येकाची नोंद माझ्या हातची आहे. आणि मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं. आम्ही दोघे तुझ्या रानात उभे होतो, गणपत, आणि विचारायला कोणी नव्हतं.